राजाचा वाढदिवस आणि सुनेचं ‘काही नाही, आई’

प्रश्न: ताई, मी ६३ वर्षांची आहे. माहेर वेंगुर्ल्याचं, लग्न होऊन पुण्यात आले त्याला ३८ वर्षं झाली. मुलगा नोकरीसाठी नेदरलँड्सला होता, तिथेच त्याने लग्न केलं. सून आमर्सफोर्ट गावची. दोन वर्षांपूर्वी सगळे पुण्याला राहायला आले. नात साडेचार वर्षांची आहे. सून गुणी आहे, मराठी बऱ्यापैकी बोलते, मला ‘आई’ म्हणते. गेल्या एप्रिलमध्ये एका शनिवारी तिने आणि नातीने केशरी कपडे घातले. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “अगं, हनुमान जयंती होऊन गेली ना?” सगळे हसलो, तीही हसली. दुपारी ती बाथरूममध्ये नळ सोडून रडत होती, ते मला ऐकू आलं. विचारलं तर म्हणाली, “काही नाही, आई.” दुसऱ्या दिवशी मुलगा केक घेऊन आला, त्यांच्या राजाचा वाढदिवस २७ तारखेला असतो म्हणून. तर सण आदल्या दिवशीच होऊन गेला होता! दिवाळीत तिला मुद्दाम वेंगुर्ल्याची डच वखार दाखवायला नेलं. तिने फोटो काढले, पण फार बोलली नाही. आमचं काही चुकतंय का? यंदा काय करू? मुलगा म्हणतो, लोकशाहीत राजाचा वाढदिवस कसला करायचा? माझ्याकडे माझ्या आईने दिलेली शेंद्री साडी आहे. त्या दिवशी ती नेसू का, की ते विचित्र दिसेल?

उत्तर: नमस्कार. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या नळापाशी थांबले. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात मीही नळ सोडून रडले आहे आणि मला वाटतं, तुम्हीही रडला असाल. म्हणून तर पाण्याच्या आवाजाखालचा आवाज तुम्हाला ऐकू आला.

तुमचं काही चुकलेलं नाही, हे आधी सांगते. सासर चांगलं असलं म्हणून माहेर आठवायचं थांबत नाही. डच भाषेत या आठवण्याला ‘हेइमवे’ म्हणतात. हेइम म्हणजे घर, वे म्हणजे दुखणं. तुमच्या सुनेला त्या दिवशी घर दुखत होतं. त्यात तुमच्याबद्दल तक्रार नव्हती.

मी ११ वर्षं नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात राहिले आहे, त्यामुळे तो दिवस मला आतून माहीत आहे. आधी तारखेचं सांगते, म्हणजे मुलाच्या केकचा उलगडा होईल. सणाचं नाव कोनिंग्सदाख, राजाचा दिवस. राजे विलेम-अलेक्झांडर यांचा जन्म २७ एप्रिल १९६७ चा, म्हणून सण २७ एप्रिलला. पण २७ तारखेला रविवार आला तर सण आदल्या दिवशी, शनिवारी करतात. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, नेमकं तसंच झालं. २०१४ मध्ये पहिला कोनिंग्सदाख झाला तोही याच कारणाने २६ तारखेला. त्याआधी कितीतरी वर्षं हा सण राणीच्या नावाने ३० एप्रिलला असे. ती तारीख राणी युलियाना यांच्या वाढदिवसाची. त्यांच्यानंतर बेआट्रिक्स राणी झाल्या. त्यांचा स्वतःचा वाढदिवस ३१ जानेवारीचा, पण त्यांनी आईचीच तारीख चालू ठेवली. जानेवारीच्या थंडीत रस्त्यावर सण कोण करणार! यंदा २७ तारखेला सोमवार आहे, त्यामुळे घोळ होणार नाही. मुलाला तेवढं सांगा. बिचारा केक घेऊन आला होता, त्याचं मन चांगलंच आहे.

आता त्याच्या लोकशाहीच्या मुद्द्याबद्दल. तो तिथे राहिला आहे, तरी हे त्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही की तिथल्या बहुतेक घरांत त्या दिवशी राजाबद्दल फार कोणी बोलत नाही. राजा आणि त्याचं कुटुंब दरवर्षी एखाद्या गावाला भेट देतं, ते टीव्हीवर दिसतं. २०१९ मध्ये ते तुमच्या सुनेच्या आमर्सफोर्टलाच गेले होते. तेव्हा ती तिथे होती का, हे तिला जरूर विचारा. पण माझ्या ओळखीत राजेशाही नकोच म्हणणारी माणसंसुद्धा त्या दिवशी सकाळी सहाला उठून रस्त्यावर जागा धरायला जायची. ती जायची बाजारासाठी.

हा बाजार म्हणजे त्या सणाचा गाभा आहे आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच दिसतं. त्याला व्रायमार्क्त म्हणतात, खुला बाजार. त्या एका दिवशी कोणीही रस्त्याच्या कडेला चादर अंथरून घरातल्या जुन्या वस्तू विकू शकतो. परवाना नाही, कर नाही. उट्रेख्तमध्ये तर तो आदल्या संध्याकाळी सहालाच सुरू होतो आणि रात्रभर चालतो. आम्सटरडाममध्ये फोंडेलपार्क नावाची मोठी बाग त्या दिवशी मुलांसाठी राखलेली असते. आपापली जागा आधीच खडूने नाहीतर चिकटपट्टीने आखून ठेवतात. मुलं आपली खेळणी, कोडी, लहान झालेले स्केट विकतात. विकायला काही नसेल तर व्हायोलिन वाजवतात, चार सूर येत असले तरी. पुढ्यात डबा ठेवलेला असतो आणि येणारेजाणारे त्यात नाणी टाकतात.

पहिल्या वर्षी माझ्या मुलाने हट्ट धरला तेव्हा मला लाज वाटली होती, हे कबूल करते. जुने कपडे बोहारणीला द्यायचे, खेळणी धाकट्या भावंडांना द्यायची, ही माझी रीत. रस्त्यावर बसून विकायचं म्हणजे लोक काय म्हणतील? मुलगा सात वर्षांचा होता. त्याने आपला लाल लाकडी ट्रक समोर ठेवला, एका चाकाचा रंग उडालेला. किंमत सांगितली एक युरो. एक आजोबा वाकले, चाक फिरवून बघितलं आणि म्हणाले, पन्नास सेंट. माझ्या मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही, कारण मला काय करायचं तेच कळत नव्हतं. मग त्याने स्वतःच मान हलवली. आजोबांनी नाणं दिलं, ट्रक कोटाच्या खिशात घातला आणि तो बाहेर डोकावत राहिला. ते नाणं मुलाने संध्याकाळपर्यंत मुठीतून सोडलं नाही. पावसाची भुरभुर चालू होती, बोटं गारठली होती. आज माझा मुलगा तिशीला आला आहे आणि नेदरलँड्सचं नाव काढलं की त्याला तो ट्रक आठवतो.

तुमच्या सुनेला काय आठवत असेल, याचा अंदाज यावरून करा. आमर्सफोर्टची कुठली तरी गल्ली, कुठली तरी चादर, आई-वडिलांनी थर्मासमधून आणलेली कॉफी. एप्रिलच्या शेवटी तिकडे सूर्य मावळायला जवळजवळ रात्रीचे नऊ वाजतात. सहा महिन्यांच्या अंधारानंतर आलेला तो उजेड असतो. झाडांना नुकती पालवी फुटलेली असते, हवा बोचरी असते. आणि इथे पुण्यात तेव्हा उन्हाने डांबर मऊ झालेलं असतं, दुपारी खिडक्या बंद करून बसावं लागतं. नुसता सण हुकला असता तर कदाचित तिने निभावून नेलं असतं. तिचा ऋतूच हुकला.

म्हणून वखार पाहून ती गप्प राहिली असावी. तुम्ही किती प्रेमाने नेलंत! वलंदेजांनी, म्हणजे डचांनी, सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला ठाणं केलं हे खरंच आहे. पण ते व्यापारी कंपनीचं ठाणं होतं, भक्कम भिंतींचं, आणि आता पडझड झालेलं. त्यात तिच्या ओळखीचं काय होतं? उद्या कोणी तुम्हाला परदेशात मराठा सरदाराची तलवार दाखवली तर तुम्ही कौतुकाने बघाल, पण तेवढ्याने तुमच्या गावच्या जत्रेची आठवण शमेल का? तुम्हाला आठवेल दशावतार सुरू होण्याआधीचा पेट्रोमॅक्सचा आवाज आणि मालवणी खाज्याची पुडी. तिच्या बाबतीत तसंच आहे. तिचा देश तिला दाखवायला जाऊ नका. तिची गल्ली तिला विचारा.

विचारायचं कसं, तेही सांगते. ‘तुमच्याकडे हा सण कसा करतात?’ असं विचारलंत तर ती तुम्हाला माहिती देईल, पर्यटकाला देतात तशी. ‘तू लहानपणी काय विकलंस?’ असं विचारा. दुपारी भाजी निवडताना, समोरासमोर न बसता. माझ्या अनुभवात डच माणसं मनातलं सरळ बोलून टाकतात, कधीकधी आपल्याला टोचेल इतकं सरळ. अशा घरातली मुलगी ‘काही नाही, आई’ म्हणते तेव्हा ते तिने आपल्याकडून उचललेलं असतं. मराठी शिकताना तिने आपलं गिळून टाकणंही शिकून घेतलं. ते सोडवायला वेळ लागेल. पहिल्यांदा विचारल्यावर ती कदाचित हसून टाळेल. चार दिवसांनी पुन्हा विचारा. आणि ती बोलायला लागली की ‘मीही सासरी आले तेव्हा असंच व्हायचं’ हे वाक्य ओठांवर येईल, ते जरा थांबवा. तिचं बोलून होऊ द्या. तुमची जत्रा त्यानंतर सांगा, तेव्हा ती मन लावून ऐकेल.

माझ्या शेजारणीने माझ्यासाठी हेच केलं होतं. पहिल्या दिवाळीला मी खिडकीत आकाशकंदील लावला. उट्रेख्तमध्ये ११ नोव्हेंबरला सिंट मार्टेनचा सण असतो, मुलं कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत दारोदार फिरतात आणि गोळ्या मिळवतात. शेजारीण म्हणाली, “तुम्ही सिंट मार्टेनचा कंदील फार लवकर लावलात!” तुमच्या शेजारच्या वहिनींच्या हनुमान जयंतीसारखंच. मी हसले आणि आत जाऊन रडले. पण ती बाई दुसऱ्या दिवशी परत आली. बसली, आणि विचारलं, “हा कंदील तुमच्या घरी कोण लावायचं?” दिवाळी म्हणजे काय, हे तिने विचारलंच नाही. माझे वडील लावायचे, स्टुलावर चढून, आणि आई खालून स्टूल धरायची. हे मी त्या परक्या भाषेत, मोडकंतोडकं, अर्धा तास सांगत बसले. पुढच्या वर्षी कंदील लावायला ती स्वतः आली, स्टूल धरायला.

आता यंदाचं बघू. सोमवार आहे, मुलाला ऑफिस. म्हणून बाजार रविवारी, २६ तारखेला संध्याकाळी पाचनंतर भरवा, ऊन उतरल्यावर. सोसायटीच्या पार्किंगमध्ये. सेक्रेटरींना मुलाने आधी सांगून ठेवावं. त्याच्या वाट्याचं ते काम. दहा मुलं आली तरी पुष्कळ झाली. प्रत्येकाने आपली चादर, आपली जुनी खेळणी, गोष्टीची पुस्तकं आणायची. भाव १० रुपयांच्या वर नको. मोठ्यांनी मध्ये पडून भाव ठरवायचा नाही, हा नियम पाळा. कोणाला पेटी येत असेल, कोणाला तबला, तर त्यांनी वाजवावं आणि पुढ्यात वाटी ठेवावी. शेजारच्या वहिनींना मुद्दाम बोलवा. त्या वाईट मनाच्या नाहीत, त्यांना माहीत नव्हतं एवढंच. हा केशरी रंग कुठून आला ते नातीलाच सांगायला लावा. सोळाव्या शतकात स्पेनच्या राजाविरुद्ध बंड उभारणारे विलेम हे फ्रान्समधल्या ओरांज नावाच्या संस्थानाचे राजपुत्र होते. त्या नावावरून राजघराण्याचं नाव आणि रंग आला. साडेचार वर्षांची मुलगी एवढं सांगणार नाही. ‘हा आमच्या राजाचा रंग’ एवढं म्हणाली तरी वहिनींना पुरेल.

पण हे सगळं ठरवण्याआधी सुनेला विचारा. तिला न कळवता काही करू नका, हे मी हात जोडून सांगते. सगळे केशरी टोप्या घालून दार उघडताच ओरडले, तर तिला पुन्हा हसावं लागेल, आणि हसून झाल्यावर पुन्हा नळ. तिला यजमानीण होऊ द्या. कोणती चादर कुठे, खडूने रेघा कशा मारायच्या, हे तिने सांगावं आणि तुम्ही ऐकावं. दोन वर्षं ती तुमच्या घरात प्रत्येक सणाला ‘आता काय करायचं?’ असं विचारत आली असेल. एक दिवस तरी ते तुम्ही तिला विचारा. ‘यंदा नको’ म्हणाली, तर नको. तेही मनापासून मान्य करा.

खाण्याचं मात्र तुम्ही घ्या, दोघी मिळून. त्या दिवशी तिकडे टॉमपूस खातात. खालीवर पापुद्र्याची खुसखुशीत पट्टी, मध्ये घट्ट क्रीम आणि वर साखरेचा थर. एरवी तो थर गुलाबी असतो, कोनिंग्सदाखला केशरी. पुण्यात याला खारी चालते! ओळखीच्या बेकरीवाल्याला आदल्या दिवशी सांगून बिनमिठाची, लांब चौकोनी करून घ्या. मध्ये व्हॅनिला कस्टर्ड घाला, पण नेहमीच्या दुप्पट पावडर टाकून, थंड झाल्यावर सुरीने कापता येईल असं घट्ट. पिठीसाखरेत चमचा-चमचा दूध घालून, केशरी रंगाचे दोन थेंब टाकून वर पसरा. कस्टर्ड भरायचं ते खायच्या आधी तासभरच, नाहीतर खारी लोळागोळा होईल. आणि ते नीट खाता येत नाही. चावलं की क्रीम चारी बाजूंनी बाहेर येतं. तिकडे यावरून घराघरात वाद आहेत. कोणी वरची पट्टी उचलून आधी खातं, कोणी आडवं करून चावतं. तुमच्या सुनेच्या घरी कोणती पद्धत होती, ते ती खाताना कळेल.

सोमवारी, खऱ्या दिवशी, फार काही नको. तिकडे आता उन्हाळी वेळ असते, आपण साडेतीन तास पुढे. त्यांच्या सकाळी दहाला आपल्याकडे दुपारचा दीड. तेव्हा नात शाळेतून आलेली असेल. सुनेच्या मनात असेल तर तिच्या आईला, नातीच्या ओमाला, व्हिडिओ कॉल लावून तिथला बाजार फिरवून दाखवायला सांगता येईल. मात्र कॉल संपल्यावरची वेळ वाईट असते. फोन काळा होतो आणि पंख्याचा आवाज पुन्हा ऐकू यायला लागतो. त्या वेळी तिला एकटं राहायचं असेल तर राहू द्या, नातीला तुमच्याकडे घ्या. रडली तर रडू द्या. फक्त त्यासाठी नळ सोडावा लागू नये.

अशा वेळी २०२० चं वर्ष मला नेहमी आठवतं. करोनामुळे सगळे बाजार रद्द झाले होते. लोकांनी त्या दिवसाचं नावच बदललं, कोनिंग्सदाखचा वोनिंग्सदाख केला. वोनिंग म्हणजे राहतं घर. तेव्हा अख्ख्या देशाने तो दिवस घरात बसून केला. तुमच्या सुनेनेही त्या वर्षी तो घरातच केला असेल. काय केलं होतं, तेही विचारा.

दूतावासाच्या किंवा वकिलातीच्या समारंभाला तिला न्यावं का, असं तुमच्या मुलाच्या मनात येईल. मुंबईत त्यांची वकिलात आहे. आमंत्रण आलं तर जरूर जावं, चार तास मायबोली ऐकायला मिळेल. पण तिथे सूट घातलेले लोक आणि भाषणं असतात, चादर नसते. ते पुरेल असं समजू नका.

अजून एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. आठवडाभराने ४ मे येईल. त्या दिवशी संध्याकाळी आठ वाजता नेदरलँड्समध्ये महायुद्धात आणि त्यानंतरच्या संघर्षांत गेलेल्यांसाठी दोन मिनिटं सगळं थांबतं. गाड्यासुद्धा थांबतात. ५ मे हा त्यांचा मुक्तिदिन. ४ मेला तिकडे आठ वाजतील तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतील. ती अंधारात बाल्कनीत उभी दिसली तर काही झालंय असं समजू नका, आणि हाकही मारू नका.

आता साडीचं. नेसा. विचित्र मुळीच दिसणार नाही. तिकडे त्या दिवशी म्हाताऱ्या आज्याही गळ्यात केशरी फुलांची माळ, डोक्यावर केशरी पीस, जे असेल ते घालून कॉफी प्यायला बसतात. नवं काही विकत आणू नका, तीच शेंद्री साडी नेसा. सून विचारेल, ही कुठली साडी, कधी पाहिली नाही. तेव्हा तिला सांगा, आईने कधी दिली, आणि वेंगुर्ल्याहून निघताना ती कुठल्या पिशवीत होती.